ग्रिल घेतेस ना? मग आधी माझं ऐक

ते सगळे टॅब आधी बंद कर बघू. काल रात्री पाठवलेली तुझी यादी मी पाहिली. गॅसचे ग्रिल, कोळशाचे, पेलेटचे, त्या हिरव्या अंडाकृती भट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी तो आडव्या पिंपाचा काळा ऑफसेट स्मोकर, ज्याच्यापुढे तुझ्या नवऱ्याने बदाम काढलाय. टेक्ससमध्ये घर घेतलं आणि मागे अंगण मिळालं की हे घरोघरी होतं गं. दिवाणखान्याला पडदे लागायचे असतात, पण अंगणातून धूर मात्र निघायलाच हवा असतो. तू घाबरून जाऊ नकोस. घराच्या कर्जाचा तो जाडजूड गठ्ठा तू पान न् पान वाचलास, त्यापुढे ग्रिल म्हणजे किस झाड की पत्ती.

दुकानात जायच्या आधी एकच काम कर. एक कागद घे आणि तुमच्या घरात महिन्याभरात खरोखर काय भाजलं जाईल ते लिहून काढ. पाहुण्यांसमोर काय मिरवायला आवडेल ते नको, मंगळवारी ऑफिसातून दमून आल्यावर काय भाजशील ते. मला तर तुझा कागद इथूनच दिसतोय. चिकन टिक्का आणि तंगड्या. पनीर, भोपळी मिरची, कांद्याच्या पाकळ्या. मक्याची कणसं. भरताचं वांगं. कधीतरी मासा. मुलांचे मित्र आले की बर्गर, तोही चिकनचा नाहीतर राजम्याच्या टिक्कीचा. बीफ आणि पोर्क तुमच्याकडे येत नाही. बरोबर ना? मग खरं सांगू का, तो ऑफसेट स्मोकर तुमच्यासाठी नाहीच.

का नाही ते नीट ऐक, म्हणजे घरी वाद घालताना उपयोगी पडेल. स्मोकरची सगळी करामत मंद आंचेची आणि भरपूर वेळाची. आतलं तापमान 225 ते 250 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 107 ते 121 सेल्सियस ठेवायचं आणि मांस तासन्‌तास धुरात बसवायचं. ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचं मांस, किंवा पोर्क शोल्डर, हे तुकडे मुळात चिवट. त्यांच्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, तेव्हा कुठे ते मऊ पडतात. त्यात मध्येच, 150 ते 170 फॅरनहाइटच्या आसपास, मांसाचं तापमान अडून बसतं, तासन्‌तास हलत नाही. इथली मंडळी त्याला ‘स्टॉल’ म्हणतात. मांसातला ओलावा बाहेर येऊन त्याची वाफ होत राहते आणि तीच मांसाला गार ठेवते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. नवशिक्याला वाटतं विस्तव विझला, तो लाकडं कोंबत सुटतो. पोचायचं असतं 200 च्या थोडं पुढे. म्हणजे पहाटे उठून ओकची लाकडं लावायची, दिवसभर तिथेच घुटमळायचं आणि रात्री जेवायला बसायचं, असा तो सगळा मामला.

टेक्ससच्या विधिमंडळाने ज्या लॉकहार्ट गावाला राज्याची बार्बेक्यूची राजधानी ठरवलं, तिथे लोकांच्या पिढ्या यात गेल्यात. त्यांचं कौतुक आहेच. पण तुझ्या पनीरमध्ये कुठलं आलंय कोलॅजन? चिकनच्या ब्रेस्टला दिवसभर धुरात बसवलंस तर ते दातांनी तुटणार नाही, आणि पापलेटाचं तर विचारूच नकोस. आपल्या कागदावरच्या जवळजवळ सगळ्याला जोरदार धग हवी आणि थोडासा वेळ. मंद धूर मागणारी एकच गोष्ट म्हणजे मटणाची अख्खी रान, आणि ती काय दर आठवड्याला होते होय? तिची सोय वेगळ्या यंत्राशिवाय होते, ती पुढे सांगते.

मग उरले मुख्य दोन. गॅस नाहीतर कोळसा.

रोजच्या धावपळीत पेटवायचा असेल तर गॅस. खटका दाबला की पेटतो, दहा-पंधरा मिनिटांत तापतो. तुम्हा चौघांना तीन बर्नर पुरेत. तीनच का, तर दोन चालू ठेवून तिसरा बंद ठेवता येतो. पेटत्या बाजूला तंगड्यांना रंग आणायचा, मग बंद बाजूला सरकवून झाकण लावायचं, म्हणजे करपल्याशिवाय आतपर्यंत शिजतात. ही दोन बाजूंची युक्ती हाताला बसली की निम्मं काम झालं. सगळीकडे सारखीच आंच ठेवली की बाहेरून काळं आणि आतून कच्चं, हीच नव्या माणसाची रड असते. मी एकदा सेल बघून सहा बर्नरचा प्रचंड ग्रिल घरी आणला होता. त्यातले निम्मे बर्नर कधी पेटलेच नाहीत, त्या बाजूला मी सांडगे वाळत घालायचे. हस खुशाल.

दुकानातला मुलगा तुला बीटीयूचे आकडे ऐकवेल. बर्नर तासाला किती गॅस जाळू शकतो, एवढंच त्यातून कळतं. ती धग आत टिकते की फटींतून निघून जाते, ते कळत नाही. तू झाकण उचलून बघ. हाताला जड लागलं पाहिजे, आणि बंद केल्यावर कडेने बोट जाईल एवढी फट नको. ग्रिलला जरा हलवून बघ, आत्ताच डगमगत असेल तर दोन पावसाळ्यांनंतर त्याचं काय होईल? जाळी बिडाची किंवा जाड स्टीलच्या सळयांची घे. पातळ तारेच्या जाळीला दह्यात मुरवलेलं चिकन असं चिकटतं की सगळा मसाला जाळीवर आणि हातात नुसते तुकडे. आणि खाली वाकून चरबी साठणारा ट्रे ओढून बघ, लाजू नकोस. तो सहज निघत नसेल तर तू तो कधीच साफ करणार नाहीस, आणि ग्रिलला आग लागते ती बऱ्याचदा याच साठलेल्या ओशटामुळे.

टाकीचं भय वाटतंय ते मला माहीत आहे. अगं, आपल्याकडच्या स्वयंपाकघरात 14.2 किलोचा सिलिंडर असतो आणि आपण त्याच्या शेजारी उभ्या राहून पोळ्या लाटतो. इथली ग्रिलची टाकी 20 पौंडांची, म्हणजे साधारण 9 किलोची, आणि तीही उघड्यावर. फक्त ती घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायची नाही, रिकामी असली तरीही नाही. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून जी बदली टाकी मिळते तिच्यात बहुधा 15 पौंडच गॅस भरलेला असतो, म्हणून जवळपास भरून देणारा कुणी असेल तर त्याच्याकडे जा. पूर्ण भरलेल्या टाकीत साधारण 4,30,000 बीटीयू असतात. तुझा ग्रिल सगळे बर्नर पूर्ण उघडून तासाला 30,000 जाळत असेल तर चौदा तास झाले, आणि सगळं पूर्ण उघडून कोण भाजतं? गॅस किती उरलाय ते कळत नाही म्हणून पाहुणे आले की जीव वरखाली होतो. त्यावर उपाय सोपा आहे: टाकीच्या अंगावरून तांब्याभर गरम पाणी ओत आणि वरून खाली हात फिरव. जिथून पुढे गार लागेल तिथपर्यंत गॅस.

आणि एक दिवस असा येईल की ग्रिल पेटेल पण तापणारच नाही. बर्नर मिणमिणत राहतील, काटा 250 च्या पुढे सरकणार नाही, आणि पाहुणे हातात प्लेट घेऊन उभे असतील. तेव्हा कंपनीला शिव्या घालायच्या आधी हे आठव. टाकीचा कॉक झटकन उघडला, किंवा बर्नरच्या कळा आधीच उघड्या असल्या, तर रेग्युलेटरला वाटतं नळी फुटली, आणि तो गॅस अडवून धरतो. सगळं बंद कर, नळी सोडव, दोन मिनिटं थांब, परत लाव, आणि आधी टाकीचा कॉक हळूहळू उघड, मगच बर्नर. पेटवताना झाकण नेहमी उघडं. बंद झाकणाखाली गॅस साठतो आणि खटका दाबताच भडका उडतो. नवी टाकी लावलीस की जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडे आले तर गळती आहे. झालं, एवढीच टाकीची विद्या.

आता कोळसा. कोळसा म्हटला की माझं मन पाघळतं, त्यामुळे इथे माझ्यावर थोडा कमी विश्वास ठेव. त्यातला राजा म्हणजे तो गोल झाकणाचा केटल, 22 इंची. 1952 मध्ये शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन अर्धे करून तो बनवला, कारण उघड्या शेगडीवर वारा आणि राख त्यांना जेवू देत नव्हती. साधा केटल आजही 200 डॉलरच्या आसपास मिळतो, त्याला पायाचे बोल्ट सोडले तर बिघडण्यासारखं काही नसतं, आणि वर-खाली दोन झडपा असतात. झडपा उघड्या तर आंच मोठी, मिटत आणल्या तर बारीक. रान करायची ना, तर निखारे एका कडेला रचायचे, दुसऱ्या कडेला पाण्याचं भांडं, त्याच्यावर जाळीवर रान, आणि निखाऱ्यांत ओकचा किंवा पिकॅनचा एक ठोकळा. झाकण लाव, झडपा अर्ध्या मिट आणि आत जाऊन चहा घे. धूर पातळ, निळसर निघाला पाहिजे. दाट पांढरा निघत असेल तर लाकूड नीट पेटलेलं नाही, मांस कडवट होईल. नवऱ्याला स्मोकरच हवाय ना? त्याला हे करू दे.

कोळसा पेटवायला चिमणी घे, म्हणजे लोखंडी नळकांडं गं, खाली कागद आणि वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर पांढरी राख चढते. बाटलीतलं पेटवायचं तेल घरात आणूच नकोस, भरताला त्याचा वास लागतो आणि मग सगळे नुसता भात खातात. कोळसा दोन तऱ्हेचा. लाकडाचे ओबडधोबड तुकडे लवकर पेटतात, जास्त तापतात, लवकर संपतात. दाबून केलेल्या वड्या, ब्रिकेट, सावकाश आणि एकसारख्या जळतात. या वड्यांच्या धंद्यामागे हेन्री फोर्ड, खरंच! 1920 च्या दशकात मोटारींच्या लाकडी भागांचे उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्यांचा कोळसा करून विकायला काढला. तुला सुरुवातीला वड्याच बऱ्या.

आणि वांगं बघ. इथली वांगी दुधीएवढी जाड. टोच्याने चार ठिकाणी भोकं पाड, तेलाचं बोट लाव, आणि जाळीवर नको, थेट निखाऱ्यांवर टाक. साल फुटायला लागली की आतलं पाणी निखाऱ्यावर पडून चर्र होतं. दर पाच मिनिटांनी चिमट्याने पाव वळसा द्यायचा. पोट मऊ झालं म्हणून लगेच उचलू नकोस, देठाजवळ चिमटा दाबून बघ, कच्चं राहतं ते तिथेच. शेजारी दोन हिरव्या मिरच्या आणि सालासकट एक कांदा टाकून दे. तू अलिबागची, पोपटीच्या मडक्याभोवतीचा विस्तव बघत वाढलेली. हा वास गॅसवर येत नाही, हे मी तुला काय सांगायचं.

पण बघ, आता जरा स्पष्ट बोलते. या घरात विस्तवाशी उभं कोण राहणार? बहुतेक घरांत असं असतं की ग्रिल ‘त्याचा’, आणि मुरवणं, चिरणं, लाकडी काड्या भिजवणं, नंतरची ओशट भांडी घासणं तिचं. शनिवारी तो कोळसा पेटवून, भाजून, नंतर राख काढून जाळी खरवडणार असेल, तर केटल घे आणि त्याला मनसोक्त करू दे. आठवड्याच्या मध्ये तूच करणार असशील तर गॅस घे, कोळशाला होकार देऊ नकोस. ऑगस्टमध्ये इथे पारा 100 फॅरनहाइटच्या वर असतो, त्यात अर्धा तास निखाऱ्यांवर वाकून उभं राहायचं हे सिनेमात बरं दिसतं. भाजणाऱ्याने निवडायचं, हा माझ्या घरचा नियम आहे आणि तुझ्याही घरी लाव.

बाकीचे पटकन सांगते. पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, त्यांना आत ढकलणारा स्क्रू, पंखा आणि तापमान सांभाळणारं यंत्र. ऑरेगनमधल्या जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात तो आणला. तापमान लावून निसटायची सोय उत्तम, पण वीज लागते, गोळ्या भिजल्या की त्यांचा लगदा होतो, आणि टिक्क्याला हवा तसा करपट डाग त्यावर जरा नाखुशीनेच येतो. त्या हिरव्या अंड्याच्या भट्ट्या जपानी कामाडोच्या वंशातल्या. आत पिझ्झाचा दगड ठेवला तर नान काय सुंदर होते, पण किंमत हजार डॉलरच्या पुढे आणि वजन असं की एकदा ठेवली ती ठेवली. सपाट पोलादी तव्याचा ग्रिडल मात्र डोसे आणि थालिपिठं आवडणाऱ्या घराने जरूर बघावा. एका वेळी सहा-सात थालिपिठं लागतात. त्याला तेल पाजून काळं करावं लागतं. बिडाचा तवा सांभाळणारीला ते शिकवायला नको.

सासूबाई जूनमध्ये येतायत म्हणालीस. त्या शाकाहारी, म्हणजे जाळीचा प्रश्न येणारच, आणि तो ऐनवेळी सोडवायला जाऊ नकोस, आत्ताच दुसरी जाळी घेऊन ठेव. केटलची जाळी स्वस्तात मिळते, गॅसच्या ग्रिलची अर्धी जाळी वेगळी काढता येते ना ते दुकानातच विचार. तिच्यावर रंगीत तार बांध आणि ती घरात, वेगळ्या पिशवीत ठेव. आधी त्यांचं पनीर आणि कणसं, मग आपलं चिकन, असा क्रम ठेवलास तर कुणालाच मन मारावं लागत नाही. इथला ग्रिलचा हंगाम मे अखेर मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेला ओसरतो. नेमका त्यातच आपला श्रावण, कधीकधी गणपतीही. म्हणून म्हणते, वांगी-कणसं नीट भाजेल असाच ग्रिल घे, नाहीतर ऐन हंगामात तो झाकून ठेवावा लागेल.

जागेचं. मागच्या छपराखालच्या ओट्यावर ग्रिल ठेवायचा मोह होईल, पाऊस लागत नाही म्हणून. नको. भिंत, कुंपण, छप्पर यांपासून दहा फूट लांब हवा. गॅरेजमध्ये तर दार उघडं असलं तरी नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, कळतसुद्धा नाही. घेण्याआधी एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाचे, नियम वाच, काहींना कोळसा चालत नाही. राख दोन दिवस तशीच गार होऊ दे, मग लोखंडी बादलीत. चरबी पेटली तर पाणी ओतायचं नाही, कळा बंद, झाकण बंद. तारेचा ब्रशही घेऊ नकोस. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि घासाबरोबर पोटात जाते, दवाखान्यात जायची वेळ येते. जाळी तापली की अर्धा कांदा सळईला टोचून घास, स्वच्छ होते आणि वासही छान येतो.

पैसे वाचले तर ते मोठ्या ग्रिलवर घालू नकोस, एक चांगला टोचायचा थर्मामीटर घे. चिकन 165 फॅरनहाइटला झालं, म्हणजे झालं. रंगावर जाऊ नकोस, हळद-तिखटात मुरलेल्या चिकनचा रंग पहिल्यापासूनच शिजल्यासारखा दिसतो. तो काटा हातात आला की तुझी निम्मी धास्ती जाईल बघ, आणि तू कापून कापून बघायची थांबशील.

घाई नसेल तर लेबर डेनंतर किमती उतरतात. पण सासूबाई जूनमध्ये, म्हणजे तू थांबणार नाहीस, मला ठाऊक आहे. मग शनिवारी सकाळीच जा, गर्दीच्या आधी. जोडून देतात का ते विचार. कित्येक दुकानं फुकट जोडून देतात, आणि त्या खोक्यातले स्क्रू बघितलेस तर तू मला दुवा देशील. अंगणात जाणारं फाटक मोजून जा, जोडलेला ग्रिल आडवा होत नाही. वर घालायचं कव्हर त्याच दिवशी घे. आणि पैसे द्यायच्या आधी मला फोटो पाठव. आधी, हं. दिल्यानंतर नको.